बुधली

“समदं वाचलंयस ना रं लेकरा? पार पयल्या पानापून शेवटापावतर?” हन्नाबाईंनी विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. त्या घडीला मला ते खोटं वाटलंसुद्धा नाही. चार वर्षं सेमिनरीत काढून पदवी घेऊन आलेला माणूस शास्त्र, म्हणजे बायबल, वाचलेलाच असणार, असा लोकांचा समज होता. माझाही माझ्याबद्दल तोच होता.

कोळगव्हाणच्या चर्चच्या पडवीत आम्ही तिघं बसलो होतो. मी खुर्चीवर, मांडीवर वही. शेजारच्या बाकावर इस्राएल गुरुजी. ते गावच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर होते आणि उपासनेला पेटी वाजवायचे. समोर जाजमावर हन्नाबाई अमोलिक आणि त्यांच्या पायाशी शेवग्याच्या शेंगांची जुडी. ती जुडी माझ्यासाठी होती. मी सव्वीस वर्षांचा, बिनलग्नाचा, भाकरी थापली तर तिचा नकाशा होणारा पाळक, त्यामुळे पहिल्या दिवसापासून हन्नाबाईंना माझ्या पोटाची काळजी. दर मंगळवारी बायकांच्या प्रार्थनेला येताना त्यांच्या पदराखाली माझ्यासाठी काहीतरी असायचंच.

शेंगा मला चालायच्या, ‘लेकरा’ मात्र चालायचं नाही. सारं गाव मला ‘पाळकसाहेब’ म्हणे आणि ही बाई भर मंडळीत, मी झगा घालून उभा असताना, “लेकरा, जरा मोठ्यानं बोल, मागं ऐकू येत न्हाई” म्हणायची. पोरं फिदीफिदी हसायची. मी मनात म्हणायचो, हिला एकदा कळलं पाहिजे की समोर कोण उभा आहे.

त्या साली आमच्या वरच्या कमिटीनं गीतांचं नवं पुस्तक छापायला घेतलं होतं. गावोगावच्या बाया-बापड्या जी भजनं, ज्या ओव्या म्हणतात, त्यांतली चांगली निवडून पाठवा, पण प्रत्येक ओळ शास्त्राला धरून आहे की नाही ते तपासून पाठवा, असं पत्रक आलं. मला तर घबाडच मिळाल्यासारखं झालं. मी वहीत तीन रकाने आखले: ओळ, शास्त्राधार, शेरा. तांबडी-निळी पेन्सिल आणली. आधार सापडला की निळी खूण, नाही सापडला की तांबडी. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणं म्हणजे काय ते कुणाला बघायचं असतं, तर त्या दिवसांत मला बघावं.

पंधरा दिवसांत मी सतरा गीतांपैकी अकरा गारद केली. एका भजनात पूर्वेकडचे ज्ञानी लोक घोड्यावर बसून बाळ येशूला भेटायला आले होते. मी ते कापलं.

“घोडे शास्त्रात कुठे आहेत?” मी गुरुजींना विचारलं.

“उंट तरी कुठे आहेत, साहेब?” गुरुजी म्हणाले. “चालत आले असतील, असंही लिहिलेलं नाही.”

“म्हणून तर उंटाचंही कापलंय.”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. ते वादाला कधी उभे राहत नसत. त्यांचं सारं आयुष्य गणित शिकवण्यात गेलं होतं आणि शास्त्राच्या बाबतीत ते स्वतःला विद्यार्थीच समजायचे.

हन्नाबाईंचं गीत अठरावं. ते त्यांनी स्वतः जात्यावर जुळवलं होतं. गेली तीस-चाळीस वर्षं कोळगव्हाणात ख्रिस्ती माणसाची माती झाली की बायका ते म्हणायच्या. आदल्या मंगळवारी त्यांनी ते म्हणून दाखवलं आणि मी उतरून घेतलं:

पडं आसवांचा थेंब, भुई पिईना गं बाई,
देव धरितो बुधली, थेंब वाया जात न्हाई.

दोन लेकरं मातीआड, रडं ऐकिलं ना कुनी,
देव म्हने आन हिकडं तुझ्या डोळ्यातलं पानी.

भरली गं काठोकाठ, वर लाविलं झाकान,
त्येच्या कोनाड्यात ठिवली, वर माझं गं निशान.

अशा एकूण पाच ओव्या होत्या. म्हणून झाल्यावर गुरुजी बराच वेळ पेटीच्या झाकणावर नुसतीच बोटं फिरवत राहिले. मला मात्र एकच शब्द टोचत होता. बुधली.

बुधली म्हणजे तेलाची. आमच्या आजोळी चुलीच्या वरच्या फळीवर असायची, काळी, मेणचट. पण माझ्या डोळ्यांपुढे आली ती वेगळीच. आजोळच्या गावात एक भगत होता. कुणाला काही लागिरलं, झपाटलं की तो ते ‘काढायचा’, बुधलीत भरायचा, तोंडाला बूच मारायचा आणि गावाबाहेर पुरायचा. लहानपणी त्या जागेवरून जाताना मी धावत सुटायचो. आता देवाच्या हातात बुधली, तिच्यात आसवं, वर झाकण आणि खूण! मला तर त्यात सरळसरळ भगत दिसला.

तरी मी शोधलं नाही असं नाही. सेमिनरीतून मी एक जाडजूड इंग्रजी संदर्भकोश आणला होता. शास्त्रातला कुठलाही शब्द कुठल्या अध्यायात येतो ते त्यात मिळायचं. माझी रीत अशी की मराठी शब्दाचं मनात इंग्रजी करायचं आणि कोश उघडायचा. बुधलीसाठी मी ‘जार’ बघितलं, ‘पॉट’ बघितलं, ‘फ्लास्क’ बघितलं. तीन दिवस बघितलं. ‘बॉटल’ बघितलं नाही. बॉटल म्हणजे बाटली, आणि बाटली म्हटलं की मला दवाखाना आठवायचा नाही तर गुत्ता. देवाच्या हातात बाटली असेल, हे माझ्या स्वप्नातही आलं नाही.

म्हणून त्या मंगळवारी मी हन्नाबाईंना वही दाखवली. त्यांना वाचता येत नव्हतं, पण तांबडी रेघ दिसत होतीच.

“हे पुस्तकात जाणार नाही,” मी म्हणालो. “आणि खरं सांगायचं तर मातीच्या वेळीही म्हणू नये. बुधलीला शास्त्राधार नाही. ही भगताची रीत झाली.”

“भगताची?” हन्नाबाईंनी कानामागे हात नेला, ऐकण्यात चूक झाली असावी तसा. “आरं, मला तर भिमाजी प्रचारकांनी सांगितलं.”

मग त्यांनी ते सांगितलं. मला ते तोवर ठाऊक नव्हतं. पटकीच्या साथीत त्यांची दोन लेकरं एका आठवड्यात गेली होती, शमुवेल आणि रत्ना. नवरा दूर बंधाऱ्याच्या कामावर. गावात जो तो आपापल्या घरात दार लावून बसलेला. रडायला कुणी जवळ नाही. तेव्हा भिमाजी प्रचारक, सात गावं पायी फिरणारा म्हातारा माणूस, ओसरीवर येऊन बसला.

“म्या म्हनलं, बाबा, म्या किती रडले त्ये देवाला तरी म्हाईत हाय का? तर बाबांनी पुस्तक उघडलं. बोट ठिवून वाचलं. म्हनले, ह्ये बघ बाई, देव आसवं बुधलीत भरून ठिवतो. येक थेंब सांडीत न्हाई.” त्या माझ्याकडे बघत होत्या. “त्येच्यावर तर म्या जगले, लेकरा.”

“हन्नाबाई,” मी समजुतीच्या सुरात म्हणालो, आणि तो सूर आठवला की आजही माझे कान गरम होतात, “माणूस दुःखात असला की लोक चार शब्द धीराचे बोलतात. भिमाजीबाबाही माणूसच. तुमची समजूत घालायला मनानंच म्हणाले असतील.”

“बोट ठिवून?”

मी पेन्सिल वहीत ठेवून वही मिटली.

“साहेब,” गुरुजी हळूच म्हणाले, “शास्त्र मोठं आहे. आणखी एखादा आठवडा बघावं का?”

“तुम्हाला आठवतंय का कुठे आहे ते?”

“मला नाही आठवत.”

“मग झालं तर.”

तेव्हाच हन्नाबाईंनी मला विचारलं होतं, सगळं वाचलंयस ना, आणि मी हो म्हणालो होतो.

त्या जरा वेळ जाजमाची दशी बोटाला गुंडाळत बसल्या. मग गुडघ्यावर हात देऊन उठल्या.

“मंग माझ्याच ऐकन्यात कायतरी चूक झाली आसंल, साहेब,” त्या म्हणाल्या.

साहेब! वर्षभर जे ऐकायला कान आसुसले होते ते मिळालं. मला बरं वाटलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण वाटलं ते वाटलं. शेंगांची जुडी जाजमावरच राहिली. मी ती घरी नेली आणि आमटी करून खाल्ली.

त्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारची गोष्ट. मंडळीतले एक वयस्कर गृहस्थ अंथरुणाला खिळले होते. त्यांना भेटायला जायचं, तर नेहमीची दोन-चार स्तोत्रं सगळ्यांना पाठ, आपण एखादं वेगळं वाचून दाखवावं, अशी हौस मला आली. सकाळची वेळ. मी चहाचा कप बाजूला ठेवून शास्त्र उघडलं. सेमिनरी सोडताना मला बक्षीस मिळालेली प्रत, सोनेरी कडेची. स्तोत्रांच्या मधल्या भागाशी आलो तर पानं एकमेकांना चिकटलेली. नव्या पुस्तकाची सोनेरी कड तशी चिकटते, पहिल्यांदा उलगडेपर्यंत. मी नखानं पानं सोडवली. छप्पन्नावं स्तोत्र निघालं. आठव्या वचनापाशी आलो आणि थांबलो.

आसवं होती. भरून ठेवणं होतं. आणि बुधली होती. कुपी नाही, भांडं नाही, कलश नाही. आमच्या आजोळच्या फळीवरची बुधलीच.

मी पुन्हा वाचलं. मग पानाची कड बघितली. माझ्या नखानं सोनेरी कपचा उडून चहाच्या कपात पडला होता. त्या पानाला त्या दिवसापर्यंत माझा हात लागलेला नव्हता, हे सांगायला दुसऱ्या साक्षीदाराची गरज नव्हती.

वही अजून माझ्याच टेबलावर होती. शुक्रवारी ती रजिस्टर टपालानं जायची होती. म्हणजे मला पुरते चार दिवस होते. तांबड्या रेघेवर निळी ओढायची, ‘अंधश्रद्धा, शास्त्राधार नाही’ हा शेरा खोडायचा, एवढंच काम. पण कमिटीच्या चिटणिसांचं कार्ड आलं होतं की तुमच्या वहीची पद्धत आम्हाला फार आवडली, ती इतर मंडळ्यांना नमुना म्हणून दाखवणार आहोत. आणि नमुन्याच्या वहीत खाडाखोड कशी करायची? मी स्वतःला सांगितलं, आता उशीर झाला. मग सांगितलं, ओवीचं वृत्त तसंही कच्चं आहे. मग सांगितलं, म्हातारी आतापर्यंत विसरलीही असेल. शुक्रवारी वही जशी होती तशी पाठवली.

त्यानंतर महिन्याभरानं हन्नाबाईंची सून प्रेमला दारात उभी राहिली. तिचा नवरा साखर कारखान्यात, त्यामुळे घरात सासू-सून दोघीच. चौथीपर्यंत शिकलेली, अंगानं दणकट, बोलायला फटकळ.

“साहेब, आत्याबाईंना तुमी काय बोलला?”

“का? काय झालं?”

“जात्यावर बसत्यात, पर गप. तोंडातून ओवी न्हाई. दळनसुदिक जाडंभरडं निघाया लागलंय. येकदा म्हनल्या, प्रेमला, भिमाजीबाबा माझ्याशी खोटं बोलले का गं? म्या म्हनलं, कोन भिमाजीबाबा? तर तोंडाला पदर लावून बसल्या. बाया बी कुजबुजत्यात, हन्नाबाईनं भगताचं गानं केलं म्हनून.”

“वय झालंय त्यांचं,” मी म्हणालो. “होतं असं.”

प्रेमलेनं माझ्याकडे असं बघितलं की मी खाली बघितलं. ती गेली. मी आणखी चार दिवस काढले आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी पुस्तक काखेत मारून निघालो.

हन्नाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. “सलाम, साहेब,” म्हणत सूप बाजूला सारून उठायला लागल्या. आधी त्या माझ्यासाठी कधी उठत नसत.

“बसा, बसा. हन्नाबाई, ते सापडलं. बुधलीचं. शास्त्रात आहे.”

त्या पदर सावरून खाली बसल्या.

“छप्पन्नाव्या स्तोत्रात आहे. हे बघा, इथे.” मी पान उघडून पुढे धरलं.

“मला काय दिसनार त्येच्यात?” त्या म्हणाल्या. “तवा न्हाई म्हनला, आता हाय म्हनता. म्या कंच्या साहेबांचं धरू?”

मी वाचायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

“तुमी नगा वाचू. प्रेमला! ये प्रेमला! हात धू आन हिकडं ये.”

प्रेमला ओल्या हातानं आली, लुगड्याला हात पुसून खाली बसली. तिच्यापुढे पुस्तक ठेवलं. मी फक्त आकडा दाखवला.

“काय हाय ह्यात?” तिनं विचारलं.

“म्हाईत न्हाई,” हन्नाबाई म्हणाल्या. “जे आसंल ते वाच. मनचं घालू नगंस.”

प्रेमलेचं वाचन म्हणजे खडकाळ रानात बैलगाडी. एकेक अक्षर धरून, अडून, पुन्हा मागे येऊन. “मा… झी… आ… स… आसवे,” तिनं शब्द जोडला. हन्नाबाईंचे ओठ हलायला लागले. पुढचे दोन शब्द गेले. मग “बु… ध…” म्हणून प्रेमला थांबली आणि एकदम सासूकडे बघितलं. “आत्याबाई! बुधलीत!”

“परत वाच.”

तिनं परत वाचलं. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा वाचेपर्यंत ते सरळ यायला लागलं होतं. हन्नाबाईंनी तिचं बोट धरून त्या शब्दावर ठेवलं आणि त्या बोटावर स्वतःचा हात ठेवला.

“मंजी भिमाजीबाबा खोटं न्हवते बोलले,” त्या म्हणाल्या.

त्यांनी गीताबद्दल काही विचारलं नाही, पुस्तकाबद्दलही नाही. डोळे कोरडेच होते. मग, राग नाही, टोमणा नाही, नुसतं समजून घ्यावं तसं विचारलं:

“तुमी समदं वाचलं म्हनला व्हता ना, साहेब?”

आता तरी खरं बोलायचं होतं. ‘नव्हतं वाचलं’ एवढे दोनच शब्द. समोर एक म्हातारी आणि तिची सून, तिसरं कुणी नाही.

“नजरेतून सुटलं असेल,” मी म्हणालो.

“सुटतं,” हन्नाबाई म्हणाल्या. “माझा बी सुईतला दोरा सुटतो.” त्यांनी सूप पुढे ओढलं. “येत्या आयतवारी मंडळीला सांगशाल येवढं? बाया भगताचं गानं म्हनत्यात. माझं काई न्हाई, पर भिमाजीबाबांचं नाव त्येच्यात हाय.”

“हो,” मी म्हणालो.

रविवारी हन्नाबाई पुढच्या रांगेत येऊन बसल्या. एरवी त्यांची जागा मागच्या खांबापाशी असायची. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. उपासनेच्या शेवटी निवेदनं असतात. मी बायकांच्या सभेचं सांगितलं, कापणीच्या सणाचं सांगितलं, चर्चच्या कौलांचं सांगितलं. हन्नाबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. ‘आणि आणखी एक गोष्ट’ असं मी म्हणालोसुद्धा, आणि मग म्हणालो, “चपला ओळीत काढून ठेवत जा.”

पुढच्या रविवारी त्या पुन्हा पुढे बसल्या. त्याच्या पुढच्या रविवारीही. चौथ्या रविवारी मी बाहेरगावचा कार्यक्रम काढला. पाचव्या रविवारी बघितलं तर त्या परत खांबापाशी जाऊन बसल्या होत्या. मला सुटल्यासारखं झालं. त्याच आठवड्यात प्रेमला शेंगा घेऊन आली.

“आत्याबाईंनी दिल्यात. म्हनल्या, साहेब लई वाळलेत.”

पुढच्या वर्षी गीतांचं पुस्तक छापून आलं. हन्नाबाईंनी ते हातात घेतलं, वास घेतला, “लई झ्याक झालंय, साहेब,” म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी परत दिलं.

त्यानंतरच्या माघात त्या गेल्या. दोन दिवसांचा ताप, फार त्रास नाही. मातीला सगळं गाव लोटलं. कबरस्थानात मी प्रार्थना म्हणत होतो, पण कान बायकांच्या घोळक्याकडे होते. चोराच्या मनात चांदणं. आता कुणीतरी ते गीत सुरू करणार. तीस-चाळीस वर्षं जिनं गावाच्या प्रत्येक मातीला ते म्हटलं, तिच्याच मातीला ते म्हणणार नाहीत होय? आणि म्हटलं, तर मी काय करायचं? गप्प राहायचं की मान डोलवायची? आणि प्रेमलेनं सगळ्यांसमोर माझ्याकडे बघितलं तर?

कुणीही सुरू केलं नाही. प्रेमला खाली मान घालून उभी होती. गुरुजींनी छापील पुस्तकातलं एक गीत घेतलं, सगळ्यांनी ते म्हटलं. मी मूठभर माती टाकली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला, अगदी खरं सांगतो, उतरला. मला तालुक्याला सभा होती. मी घड्याळ बघितलं आणि दोनची एसटी गाठायला सगळ्यांच्या आधी निघालो. वाटेत मनात आलं, गीत गेलं. आता ते कुणी म्हणणार नाही, आणि कुणी विचारणारही नाही.

मग बदल्या झाल्या. मोठ्या मंडळ्या मिळाल्या, लग्न झालं, मुलं झाली, माझं नाव झालं. शास्त्रात एक हन्ना आहे. ती देवापुढे ओठ हलवत रडते आणि एली याजकाला वाटतं, बाई प्यायली आहे. त्यावर मी नऊ वेळा उपदेश केला. लोक डोळे पुसायचे. दहाव्यांदा करायचं धाडस झालं नाही. शास्त्र मात्र मी वाचून काढलं, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत, अनेकदा. पण वेळ टळून गेली होती.

कोळगव्हाणला मी परत गेलो तो बत्तीस वर्षांनी. इस्राएल गुरुजी ब्याण्णवाव्या वर्षी वारले, त्यांच्या मातीला. तिथला पाळक आता एक तरुण मुलगा होता. त्यानं विधी नीट केला, आणि शेवटची प्रार्थना होताच पुस्तक मिटून फाटकाबाहेर गेला. पुरुषमाणसंही पांगली. बायका मात्र लिंबाच्या सावलीत खाली बसल्या. मी हन्नाबाईंच्या कबरेपाशी उभा होतो. साधा दगड होता, नाव बऱ्यापैकी पुसट झालेलं.

एक म्हातारी काठी टेकत जवळ आली. “सलाम, साहेब. वळखलं का?”

“प्रेमलाबाई!”

“व्हय. बरी हायेत ना घरची?” तिनं चौकशी केली, मुलांचं विचारलं. मग जरा घुटमळून म्हणाली, “साहेब, गुरुजींच्या घरी च्या ठिवलाय. तुमी व्हा म्होरं.”

“जातो. थांबतो जरा इथं.”

ती काठीनं मातीत रेघ ओढत राहिली. लिंबाखालच्या बायका आमच्याकडे बघत होत्या. कुणी उठतही नव्हतं, बोलतही नव्हतं.

“तसं न्हाई, साहेब. तुमी हायेत तवर बायांना म्हनता येत न्हाई.”

“काय म्हणता येत नाही?”

“आत्याबाईंचं.”

“ते अजून म्हणता तुम्ही?”

“दर मातीला. पाळकसाहेब फाटकाभाईर गेले की म्हनायचं. आत्याबाईंच्या मातीला बी म्हनलं की. तुमी एष्टीला गेला व्हता.”

“आणि हा नवा पाळक?”

“त्याला काय म्हाईत! येनारा हरेक पाळक आधी निघतो. लोक त्याला हळूच काढून देत्यात. रीतच पडलीया. कशापायी पडली ते नव्या सुनांना बी ठावं न्हाई.”

“प्रेमलाबाई, माझ्यासमोर म्हणा ना. खुशाल म्हणा. ते शास्त्रात आहे. छप्पन्नावं स्तोत्र, आठवं वचन.” बत्तीस वर्षांत पहिल्यांदा मी ते चारचौघांत बोललो होतो. आवाज एवढा चढला की लिंबाखालच्या बायकांनी माना वळवल्या.

“ते मला काय सांगता, साहेब?” प्रेमला म्हणाली. “वाचलं व्हतं ते म्याच. म्या बायांना तवाच सांगितलं व्हतं.”

“सगळ्यांना ठाऊक होतं?”

“समद्यांना.”

“मग माझ्यासमोर का नाही?”

प्रेमलेनं दगडाकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिचा तो जुना फटकळपणा आता कुठे दिसत नव्हता.

“आत्याबाईंनी बजावून ठिवलंय. म्हनल्या, म्या मेले तरी साहेबांम्होरं म्हनू नगा. त्या लेकराला लाज वाटंल.”

मी हातातली टोपी डोक्यावर ठेवली, बायकांकडे न बघता कबरांच्या मधून वाट काढत निघालो आणि फाटकाबाहेर आलो. फाटक लोखंडी होतं, गंजलेलं. मी ते ओढून घेतलं आणि कडी मुद्दाम वाजवून घातली, म्हणजे आत कळावं की साहेब गेले.

मग कुंपणाबाहेरच्या बाभळीला टेकून उभा राहिलो. जरा वेळानं आत गाणं सुरू झालं.